घराआधी वस्ती : ठाणे आणि नवी मुंबईत राहण्याचा परिसर निवडून देणाऱ्या एका सेवेचे परीक्षण

पाचपाखाडीतील आमच्या सोसायटीचा पुनर्विकासाचा करार झाला आणि किमान तीन वर्षे दुसरीकडे राहावे लागणार हे नक्की झाले, तेव्हा घरात दोन मते पडली. एक मत असे होते की, नौपाड्यात किंवा राम मारुती रोडच्या आसपास भाड्याची जागा घ्यावी आणि नव्या इमारतीची वाट पाहावी. दुसरे मत असे की, बाहेर पडायचेच आहे तर आपल्या राहणीला मानवेल असा भाग नीट शोधावा, आणि तिथे रुळलो तर पाचपाखाडीची नवी जागा भाड्याने देऊन तिथेच कायमचे राहावे. पहिल्या मताचा निकाल भाड्यांनीच लावला. जुन्या ठाण्यातील इतक्या इमारती एकाच वेळी पाडायला निघाल्या आहेत की, बिल्डरकडून मिळणाऱ्या मासिक भाड्यात त्याच परिसरात तेवढीच जागा मिळणे जवळजवळ अशक्य झाले आहे.

दुसऱ्या मतासाठी आम्ही नवी मुंबईतील एका लहान सल्ला सेवेकडे गेलो. ही सेवा घर दाखवत नाही. कुटुंबाने कोणत्या भागात राहावे एवढेच ठरवायला मदत करते आणि त्यानंतरचा व्यवहार ज्याचा त्याने आपल्या एजंटमार्फत करायचा असतो. सेवेचे नाव मी येथे देत नाही. कार्यालय दोनतीन माणसांचे आहे आणि पुढच्या मजकुरात गुणांबरोबर तक्रारीही आहेत. तिची पद्धत मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहे, कारण अशी कामे करणारे लोक आता ठाणे आणि नवी मुंबईत वाढू लागले आहेत आणि त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवावी हे ग्राहकाला आधी माहीत असलेले बरे. शुल्क अकरा हजार रुपये होते, अर्धे सुरुवातीला आणि उरलेले अहवाल हाती आल्यावर. घरमालकाकडून किंवा एजंटकडून आम्ही काही घेत नाही, असे त्यांनी पावतीवरच छापले आहे, आणि आमच्या अनुभवात तरी ते खरे ठरले.

काम सुरू होते ते एका लांबलचक प्रश्नावलीपासून. ती भरताना प्रथम कंटाळा येतो, पण हळूहळू तिचे शहाणपण लक्षात येते. बजेटचा प्रश्न शेवटच्या पानावर आहे. आधी घरातील प्रत्येक माणसाचा कामाचा दिवस आणि रविवार वेगवेगळा लिहून द्यायचा असतो : कोण किती वाजता बाहेर पडते, रात्री सर्वांत उशिरा कोण परतते, स्थानकापासून घरापर्यंत ते माणूस चालत येते की रिक्षाने, दूध आणि भाजी कोण आणते, मासळी आठवड्यातून किती वेळा लागते, नाटके पाहता का, आणि गावी जाण्याचा रस्ता कोणता. शेवटचा प्रश्न मला फार आवडला. कोकणात वर्षातून तीनचारदा जाणाऱ्या कुटुंबाला पनवेलची बाजू जितकी सोयीची, तितकीच नाशिककडे माहेर असलेल्या घराला ठाण्याची. तरीही घर शोधताना हा हिशेब बहुतेक जण करत नाहीत.

आमच्या घरातून तीन दिशांना माणसे जातात. यजमानांचे कार्यालय महापे एमआयडीसीत आहे. मुलगी माटुंग्याला महाविद्यालयात शिकते. सासरे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे असून १८९३ साली स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचे जुने सभासद आहेत, आणि तिथली फेरी हा त्यांच्या आठवड्याचा कणा आहे. मी घरूनच मुद्रितशोधनाचे काम करते, त्यामुळे माझ्या वाट्याला येतो तो परिसराचा दिवसभराचा आवाज. हे सर्व लिहून दिल्यावर त्यांनी पाच भागांची तुलना करणारा अहवाल दिला : घोडबंदर रस्ता, ऐरोली, नेरुळ, खारघर आणि उलवे.

अहवालातील सर्वांत मोलाचे प्रकरण पाण्याचे आणि कारभाराचे आहे. बाहेरून पाहणाऱ्याला नवी मुंबई हे एकच शहर वाटते, कारण राज्य सरकारच्या सिडको या महामंडळाने १९७० पासून ते नोड (म्हणजे आखीव उपनगरे) आणि सेक्टर पाडून एकाच पद्धतीने वसवले. प्रत्यक्षात वाशी, नेरुळ, ऐरोली, बेलापूर हे भाग १९९२ साली सुरू झालेल्या नवी मुंबई महानगरपालिकेकडे आहेत, तर खारघर, कामोठे, कळंबोली हे २०१६ साली झालेल्या पनवेल महानगरपालिकेत येतात. नवी मुंबई महानगरपालिकेच्या मालकीचे मोरबे धरण आहे; खारघर आणि उलवे यांना मात्र पाण्यासाठी मुख्यतः सिडकोच्या हेटवणे योजनेवर विसंबावे लागते. बेलापूर आणि खारघर एकमेकांना खेटून असले तरी नळाला येणारे पाणी, मालमत्ता कराचे बिल आणि तक्रार घेऊन जायचे कार्यालय ही तिन्ही वेगळी. जाहिरातींमध्ये दोन्हीकडे ‘नवी मुंबई’ एवढेच लिहिलेले असते.

जे विकत घेण्याच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी जमिनीच्या मालकीवरही एक पान आहे. सिडकोने भूखंड साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले आहेत, त्यामुळे तिथे घर घेताना सिडकोची परवानगी आणि हस्तांतर शुल्क या गोष्टी मध्ये येतात. ठाण्यात त्या सहसा येत नाहीत. साडेबारा टक्के योजनेतील, म्हणजे जमीन गेलेल्या गावकऱ्यांना सिडकोने परत दिलेल्या भूखंडावरची इमारत आणि गावठाणात गरजेपोटी परवानगीविना उभी राहिलेली इमारत या रस्त्यावरून सारख्याच दिसतात, दुसरीतील घर स्वस्तही मिळते, पण भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा अधिकृत दाखला) मागितले की फरक कळतो. हे पान एजंट मंडळींनी कधी स्वतःहून वाचून दाखवल्याचे मला आठवत नाही.

अहवालानंतर प्रत्यक्ष भेटी असतात, आणि या सेवेचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल होतात ते तिथे. प्रत्येक निवडलेल्या भागात एक भेट कामाच्या दिवशी सकाळी आणि एक संध्याकाळी उशिरा ठेवतात. खारघरमध्ये आमच्याबरोबर आलेल्या सल्लागार बाई एका सोसायटीच्या फाटकातून आत शिरल्या आणि लिफ्टकडे न वळता सूचना फलकासमोर जाऊन उभ्या राहिल्या. फलकावर तीन कागद होते. पहिल्यावर टँकरचा वाढीव खर्च या तिमाहीपासून मेंटेनन्समध्ये धरला जाईल असे लिहिले होते. दुसऱ्यावर पाहुण्यांच्या गाड्या आत लावण्यास मनाई होती. तिसऱ्यावर थकबाकीदारांची यादी होती आणि ती बरीच लांब होती. त्यानंतर त्यांनी वॉचमनला टाकीची वेळ विचारली. “सकाळी साडेसहाला येतं, पाऊण तासात जातं,” तो सहज बोलून गेला. जमिनीखालच्या टाकीच्या झाकणाजवळ टँकरचा जाड पाइप गुंडाळून ठेवलेला होता आणि खालची फरशी ओली होती. फ्लॅटमध्ये गेल्यावर एजंटने नळ सोडून भरपूर पाणी दाखवले, तेव्हा आम्हाला त्या पाण्याची किंमत माहीत होती. कोणत्याही इमारतीची प्रकृती तिच्या सूचना फलकावर वाचावी, हे मी या सेवेकडून शिकले आणि तेव्हापासून परिचितांच्या सोसायट्यांतही नकळत फलक वाचू लागले आहे.

खारघरवर अन्याय होऊ नये म्हणून सांगते की, मोकळेपणाच्या बाबतीत पाचही भागांत ते पहिले होते. रुंद रस्ते, सेंट्रल पार्क, मागचे डोंगर आणि पावसाळ्यातला पांडवकडा पाहून मुलगी तिथेच राहण्याचा हट्ट धरून बसली होती. (धबधब्याकडे जायला पावसाळ्यात बंदी असते, हे तिला नंतर कळले.) बेलापूर ते पेंधर ही ११ स्थानकांची मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून आतील सेक्टरांची सोय झाली आहे. पण ती खारघरच्या रेल्वे स्थानकातून जात नाही, बेलापूरहून सुटते, त्यामुळे लोकलने येणाऱ्या माणसाला घर नेमके कोणत्या बाजूला आहे ते पाहूनच मेट्रोचा हिशेब करावा लागतो. शिवाय हार्बर मार्गावर जलद गाड्या नाहीत. खारघरहून माटुंग्याला जायचे तर प्रत्येक स्थानकावर थांबत कुर्ल्यापर्यंत जायचे, तिथला पूल चढून मध्य मार्गावर यायचे आणि पुन्हा धिमी गाडी पकडायची. रोज दोन्ही वेळा हे करणे वयाच्या एकोणिसाव्या वर्षी जमेलही, पण परीक्षेच्या दिवसांत त्याचे काय होईल, हा प्रश्न सल्लागार बाईंनी विचारला आणि मुलगीच गप्प झाली.

उलव्याचा विचार फार वेळ करावा लागला नाही. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, त्याच सुमारास उरणपर्यंत लोकल गेली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले, त्यामुळे तिकडच्या जाहिरातींना उधाण आले आहे. ज्याचे काम शिवडी किंवा दक्षिण मुंबईत आहे, ज्याच्याकडे मोटार आहे आणि टोल ज्याला जड वाटत नाही, त्याला उलवे सोयीचे पडेल. सेतूवर दुचाकी आणि रिक्षा चालत नाहीत, आणि उरण मार्गावरच्या लोकल हार्बरच्या मानाने फार कमी आहेत. आमच्या घरात मोटार नाही. अहवालात उलव्यासमोर ‘तूर्त नको’ असे दोनच शब्द होते आणि ते पुरेसे होते.

घोडबंदर रस्त्याविषयी मात्र अहवाल मला उथळ वाटला. सल्लागारांचे सारे आयुष्य सिडकोच्या सेक्टरांत गेलेले दिसते, आणि ठाण्याची त्यांची माहिती बाहेरच्याची आहे. कासारवडवलीपासून ठाणे स्थानक सुमारे दहा किलोमीटर आहे, मेट्रो ४ चे काम वर्षानुवर्षे चालू आहे, गायमुखच्या घाटात दुरुस्ती निघाली की अवजड वाहनांची रांग लागते, हे सर्व त्यांनी लिहिले आहे आणि ते बरोबरच आहे. पण माझ्यासारख्या ठाणेकराला त्यात नवीन काही नव्हते. येऊरच्या पायथ्याची हवा, घाणेकर नाट्यगृह जवळ असण्याचा फायदा, मोठ्या संकुलांत ज्येष्ठांना मिळणारी सोबत, यांचा उल्लेख एका ओळीत उरकला होता. ज्यांना स्थानक रोज लागत नाही अशा निवृत्त जोडप्यासाठी घोडबंदर चांगली निवड ठरू शकते, ही शक्यता त्यांनी तपासलीच नाही. कळवा आणि खारेगाव तर यादीतच नव्हते. ते का नाहीत असे विचारल्यावर “तिकडे आमचा अभ्यास कमी आहे” असे प्रांजळ उत्तर मिळाले. उत्तर प्रामाणिक असले, तरी सेवेच्या पाटीवर ठाण्याचे नाव आहे, आणि त्याच नावावर विसंबून ठाण्याचा ग्राहक पैसे भरतो.

दुसरी तक्रार प्रवासाच्या वेळांबद्दल आहे, आणि ती अधिक गंभीर आहे. अहवालातील तक्त्यात एका स्थानकाच्या फलाटापासून दुसऱ्या स्थानकाच्या फलाटापर्यंतचाच वेळ धरला आहे. घरातून निघून रिक्षाच्या रांगेत जाणारी मिनिटे, पुलावरची गर्दी, पहिली गाडी सोडून दुसरी पकडण्याची वेळ, यांना तक्त्यात जागा नाही. कोपरखैरणे किंवा घणसोलीला उतरून महाप्याच्या कार्यालयापर्यंत शेअर रिक्षाने जाणारा शेवटचा तुकडा तर पूर्णपणे सुटला होता. जी सेवा प्रश्नावलीत दुधाची वेळ विचारते, तिने हिशेबात रिक्षा विसरावी याचे आश्चर्य वाटते. आम्ही तो तक्ता बाजूला ठेवला आणि कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळी तिघांनी आपापला रस्ता करून पाहिला.

शेवटी स्पर्धा राहिली ती नेरुळ आणि ऐरोलीत. नेरुळचे पारडे बरेच जड होते. ठाणे आणि हार्बर हे दोन्ही मार्ग तिथे मिळतात, मोरब्याचे पाणी आहे, स्थानकाभोवती बाजार भरलेला असतो, बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यातील मासळी फार दूर नाही, आणि हिवाळ्यापासून पुढे तळ्यांकाठी रोहित पक्षी दिसतात. वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृहही आवाक्यात आहे. सल्लागारांचे कार्यालयही नवी मुंबईच्या त्याच बाजूला असल्यामुळे ते आम्हाला नेरुळकडे ढकलतील अशी माझी अटकळ होती. त्यांनी तसे केले नाही.

ऐरोलीच्या भेटीत सल्लागार बाईंनी सासऱ्यांना सोबत आणायला मुद्दाम सांगितले होते. “आजोबा, इथून औषधाच्या दुकानापर्यंत तुम्हीच पुढे चाला, आम्ही मागून येतो,” असे म्हणून त्या मागे राहिल्या आणि हातातल्या कागदावर टिपणे करू लागल्या. पदपथ कुठे तुटला, काठी कुठे अडखळली, रस्ता ओलांडताना त्यांना किती वेळ थांबावे लागले, बसायला बाक कुठे होता, हे सगळे त्या कागदावर उतरले. तीच चाल नेरुळच्या निवडलेल्या सेक्टरातही करून घेतली होती. नेरुळला अंतर कमी होते पण वाहता मोठा रस्ता मध्ये येत होता. ऐरोलीत अंतर जास्त असूनही रस्ते आतले आणि शांत होते, वाटेत एक उद्यान होते, आणि सासरे तिथे न सांगता बसले. त्यांच्या चेहऱ्यावरूनच निम्मा निर्णय झाला. उरलेला निम्मा रेल्वेच्या नकाशाने केला : ऐरोलीहून दिघा गाव आणि मग ठाणे. ग्रंथसंग्रहालय सुटत नाही, मुलीला ठाण्यात गाडी बदलून मध्य मार्गाने थेट माटुंगा गाठता येते, आणि यजमानांचे स्थानक उलट्या दिशेला, त्याच मार्गावर काही मिनिटांवर आहे.

ऐरोली निर्दोष आहे असे कोणी समजू नये. खाडीच्या बाजूला डास आहेत. ठाणे–बेलापूर औद्योगिक पट्ट्यातून काही रात्री रसायनांचा वास येतो, आणि हे कळावे म्हणूनच त्यांनी संध्याकाळची भेट साडेनवानंतर ठेवली होती. वास त्या दिवशी आला नाही, पण कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे चौकशी करायला त्यांनीच सुचवले, आणि त्याने वारा कोणत्या बाजूचा असला की वास येतो ते सविस्तर सांगितले. अशी माहिती कोणत्याही संकेतस्थळावर मिळत नाही.

या सेवेचा सर्वांत चांगला सल्ला शेवटी आला, आणि त्यात त्यांचा काडीचाही फायदा नव्हता. भाग कितीही पसंत पडला तरी लगेच विकत घेऊ नका, आधी अकरा महिन्यांच्या कराराने राहा, आणि त्या अकरा महिन्यांत एक पूर्ण पावसाळा येईल असे पाहा, असे त्यांनी लेखी दिले. सोबत ‘लिव्ह अँड लायसन्स’ कराराचे एक टिपणही होते : करार नोंदवणे कायद्याने बंधनकारक असून ती जबाबदारी घरमालकाची आहे, नोंदणी ऑनलाइन होते, आणि मुद्रांक शुल्क भाड्याच्या एकूण रकमेवर पाव टक्का पडते. आमच्या एजंटने सुरुवातीला नोटरी करून भागेल असे सुचवले होते. टिपण समोर ठेवल्यावर तो विषय तिथेच संपला. एजंटची दलाली एक महिन्याच्या भाड्याइतकी वेगळी द्यावी लागलीच. म्हणजे सल्ल्याचे शुल्क हा पूर्ण जादा खर्च आहे, त्यातून दलाली वाचत नाही, हे आधी समजून घ्यावे.

सेवेतला एक दोष मात्र पैसे पूर्ण चुकते केल्यावरच दिसतो. दुसरा हप्ता जाईपर्यंत फोन पहिल्या घंटीला उचलला जात होता. नंतर निरोपांना उत्तर यायला आठवडा लागू लागला. घर बदलल्यावर एकदा येऊन पाहणी करू, असे सुरुवातीला तोंडी सांगितले होते. ती पाहणी अजून झालेली नाही. वागण्यात उद्धटपणा कधीच नव्हता, माणसे कमी आहेत हेही दिसते, पण तोंडी आश्वासनाला ग्राहकाने किती किंमत द्यावी हे यावरून ठरवता येईल.

मी या सेवेला पाचपैकी साडेतीन गुण देईन. ज्यांच्या घरातील सर्व माणसे एकाच दिशेला जातात, किंवा ज्यांना नोड आधीच पाठ आहेत, त्यांनी अकरा हजार रुपये खर्च करण्याचे कारण नाही. सूचना फलक, टाकीची वेळ आणि रात्रीची एक फेरी एवढे स्वतः केले तरी त्यांचे काम होईल. ज्यांच्या घरात म्हातारे माणूस, कॉलेजची मुले आणि दोन दिशांच्या नोकऱ्या आहेत, आणि ज्यांचा शोध मुख्यतः नवी मुंबईत आहे, त्यांना ही सेवा उपयोगी पडेल. त्यांनी पैसे भरण्यापूर्वी दोन गोष्टी मात्र लेखी घ्याव्यात : प्रवासाचा वेळ घराच्या दारापासून कार्यालयाच्या दारापर्यंत गर्दीच्या वेळी मोजला जाईल, आणि घर बदलल्यानंतरची पाहणी कोणत्या महिन्यात होईल.